चुंबकाची साक्ष: संक्रमण धातूंच्या आयनांची इलेक्ट्रॉन-मांडणी कशी ठरली?

पेठसारख्या तालुक्याच्या गावी रसायनांचे दुकान नसते, पण कृषी सेवा केंद्र असते. मोरचूद, हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, झिंक सल्फेट, मँगनीज सल्फेट हे क्षार अशा दुकानांतून खतांच्या आणि औषधांच्या शेजारी विकायला ठेवलेले असतात. द्राक्षाच्या हंगामात पेठ तालुक्यातून दिंडोरी-निफाडकडे मजुरीला जाणाऱ्या कुटुंबांना मोरचूद आणि चुना यांच्या बोर्डो मिश्रणाचा निळा रंग चांगला ओळखीचा असतो. याच चार क्षारांतले धातू अकरावी-बारावीच्या पुस्तकात मुलांना पुन्हा भेटतात. तिथे मात्र ते रंगरूप सोडून नुसते आकडे होऊन येतात.

लोहाचेच उदाहरण घेऊ. अणुअंक २६. तिरप्या बाणांची आकृती काढून विद्यार्थी १एस, २एस, २पी, ३एस, ३पी, ४एस, ३डी असे भरत जातो. आर्गॉनचे अठरा, मग ४एस मध्ये दोन आणि ३डी मध्ये सहा. इथवर सारे बरोबर. पुढचा प्रश्न असतो: फेरिक आयनाचे, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाचे संरूपण लिहा. मूल तर्काने चालते. शेवटी भरला ३डी, तेव्हा आधी रिकामा होणार तोही ३डीच. तीन काढले, उरले ४एस मध्ये दोन आणि ३डी मध्ये तीन. उत्तर चूक! बरोबर उत्तर ४एस रिकामा आणि ३डी मध्ये पाच. ‘असे का?’ या प्रश्नाला बहुतेक वेळा ‘आयन करताना ४एस आधी काढायचा, नियमच आहे’ एवढेच उत्तर मिळते.

मुलाच्या तर्कात वावगे काही नाही. खच्चून भरलेल्या जीपमध्ये जो शेवटी दाराशी लटकतो तोच आधी उतरतो, हे त्याने रोज पाहिलेले असते. घरी कोकणा बोली, दहावीपर्यंत मराठी आणि अकरावी विज्ञानाला एकदम इंग्रजी, अशी वाट चालून आलेल्या मुलाच्या हाती तर्क हाच एक भरवशाचा आधार असतो. तोच इथे ‘नियम आहे’ म्हणून काढून घेतला जातो. म्हणून हा नियम कोणी आणि कशावरून ठरवला हे शिक्षकाला ठाऊक असणे अगत्याचे आहे. इतिहास पाहू लागलो की एक गंमत ध्यानात येते. आपण आधी अणू शिकवतो आणि मग आयन. शोध मात्र बऱ्याच अंशी उलट दिशेने लागला. या धातूंच्या अणूंच्या आत काय चालले आहे याची पहिली खबर त्यांच्या आयनांनी दिली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन गोष्टी रसायनशास्त्रज्ञांना नीट माहीत होत्या. व्हॅनेडियमपासून तांब्यापर्यंतच्या धातूंचे क्षार रंगीत असतात आणि त्यांतले बरेचसे चुंबकाकडे किंचित ओढले जातात. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे साधे क्षार बिनरंगी असतात आणि चुंबकापासून अगदी किंचित दूर सरतात. ओढल्या जाणाऱ्या पदार्थांना समचुंबकीय आणि दूर सरणाऱ्यांना प्रतिचुंबकीय म्हणतात. पियेर क्युरी यांनी १८९५ मध्ये समचुंबकत्व तापमानाबरोबर कसे बदलते हे मोजून दाखवले. तेव्हापासून एका आयनाचे ‘चुंबकीय परिबल’, म्हणजे तो स्वतः किती जोराचा लहानसा चुंबक आहे, हे काढता येऊ लागले.

अणुरचनेची चर्चा सुरू झाल्यावर या आकड्यांना अर्थ येऊ लागला. १९१६ मध्ये वाल्थर कोसेल यांनी इलेक्ट्रॉनांची संख्या सारखी असलेल्या आयनांकडे लक्ष वेधले. दोन इलेक्ट्रॉन गमावलेले मँगनीज आणि तीन गमावलेले लोह या दोघांकडे तेवीसच इलेक्ट्रॉन उरतात आणि दोघांचे चुंबकीय परिबलही जवळजवळ एकच येते. म्हणजे चुंबकत्व धातूच्या नावावर नव्हे, इलेक्ट्रॉनांच्या मांडणीवर ठरत होते. १९२० मध्ये रुडॉल्फ लाडेनबुर्ग यांनी पुढचे पाऊल टाकले. रंग आणि चुंबकत्व आवर्तसारणीच्या एकाच पट्ट्यात एकत्र दिसतात, तेव्हा दोहोंचे मूळ एकच असले पाहिजे. बाहेरच्या कवचाच्या आत एखादे अर्धवट भरलेले कवच असावे, असे त्यांनी सुचवले.

पुढच्याच वर्षी वेल्समधील ॲबरिस्टविथ येथील चार्ल्स बरी या रसायनशास्त्रज्ञाने एक छोटा लेख लिहिला. बाहेर नवे कवच सुरू झाल्यावरही आतले कवच आठावरून अठरापर्यंत वाढू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. हे ते कोणत्याही गणिताच्या जोरावर सांगत नव्हते. या धातूंची संयुजा का बदलती असते, त्यांचे गुण शेजाऱ्यांशी का जुळतात, असल्या रसायनाच्या नेहमीच्या गोष्टींवरून त्यांनी ते ताडले. नील्स बोहर त्याच सुमारास वर्णपटांच्या वाटेने त्याच निष्कर्षाला पोचले. नाव अर्थातच बोहर यांचे झाले. बरी यांचे नाव आज पुस्तकात क्वचित दिसते, आणि रसायनाच्या शिक्षकांनी तरी ते विसरू नये असे मला वाटते.

आता प्रश्न मोजमापाचा होता. पियेर वाइस यांनी आयनांची परिबले मोजून त्यांचे एक मूळ एकक काढले होते. हा वाइस मॅग्नेटॉन पुढे आलेल्या बोहर मॅग्नेटॉनच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका होता. मापे उत्तम होती. एककामागचा विचार मात्र टिकला नाही. १९२५ हे वर्ष फार धामधुमीचे ठरले. पाउली यांचे अपवर्जन तत्त्व आले. उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी इलेक्ट्रॉनाच्या स्पिनची, म्हणजे स्वतःभोवतीच्या फिरण्याची, कल्पना मांडली. फ्रीडरिख हुंड यांनी विरल मृत्तिका मूलद्रव्यांच्या आयनांची परिबले हिशेबाने काढली. इलेक्ट्रॉनाच्या केंद्रकाभोवतीच्या गतीचे चुंबकत्व आणि स्पिनचे चुंबकत्व अशी दोन्ही त्यांनी धरली होती. एकदोन अपवाद सोडता आकडे मोजमापांशी सुरेख जुळले.

तेच सूत्र लोहाच्या रांगेतल्या धातूंना लावले आणि सारे फसले. तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या क्रोमियमचे परिबल हुंड यांच्या सूत्राने ०.७७ बोहर मॅग्नेटॉन यायला हवे. प्रत्यक्षात ते सुमारे ३.८ भरते. एवढा फरक मोजण्यातल्या चुकीने पडत नाही.

या ठिकाणी कोलकात्याचे देवेंद्रमोहन बोस पुढे येतात. नावामुळे घोटाळा होतो म्हणून सांगतो: बोस-आइन्स्टाइन सांख्यिकीचे सत्येंद्रनाथ बोस ते हे नव्हेत. देवेंद्रमोहन हे जगदीशचंद्र बोस यांचे भाचे, जन्म १८८५. १९१४ मध्ये ते उच्च शिक्षणासाठी बर्लिनला गेले आणि पहिले महायुद्ध सुरू झाल्याने तिथेच अडकले. १९१९ मध्ये पदवी घेऊन परतले आणि कोलकाता विद्यापीठात शिकवू लागले. १९२७ मध्ये त्यांनी ‘त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजिक’ या जर्मन नियतकालिकात संक्रमण आयनांच्या परिबलांवर लेख लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: या आयनांत केंद्रकाभोवतीच्या गतीचा हिस्सा सोडून द्या आणि फक्त स्पिन धरा, म्हणजे आकडे जुळतात.

हे सूत्र इतके साधे आहे की बारावीच्या फळ्यावर सहज मावते. जोडीदार नसलेले, म्हणजे एकांडे इलेक्ट्रॉन जितके असतील त्या संख्येला तिच्यात दोन मिळवून गुणायचे आणि गुणाकाराचे वर्गमूळ काढायचे. एक एकांडा असेल तर १.७३, दोन असतील तर २.८३, तीनाला ३.८७, चाराला ४.९० आणि पाचाला ५.९२. क्रोमियमच्या त्या आयनात तीन एकांडे, म्हणून ३.८७. मोजलेले ३.८. केवढी तफावत एका फटक्यात नाहीशी झाली!

स्पिनच का उरतो, याचे उत्तर १९२९ मध्ये लीड्सच्या एडमंड स्टोनर यांनी दिले. स्फटिकातले शेजारी अणू ३डी च्या इलेक्ट्रॉनांना असे दाबात धरतात की त्यांची केंद्रकाभोवतीची गती चुंबकीय क्षेत्रापुढे मोकळेपणी वळू शकत नाही. विरल मृत्तिकांचे ४एफ इलेक्ट्रॉन अणूत खोल असल्याने या दाबातून सुटतात. म्हणून हुंड यांचे सूत्र तिथे चालले आणि इथे नाही. त्याच वर्षी हान्स बेथे यांनी आणि १९३२ च्या आपल्या ग्रंथात जॉन व्हॅन व्लेक यांनी या विचाराला भक्कम गणिती बैठक दिली.

मग आपल्या मूळ प्रश्नाकडे, ४एस आधी जातो की ३डी? बोस यांचे सूत्र हाती आले की हा वाद चुंबकापुढे नेता येतो. मँगनीज घ्या. अणूत ४एस मध्ये दोन आणि ३डी मध्ये पाच. दोन इलेक्ट्रॉन ३डी मधून गेले असे मानले तर एकांडे तीन राहतात आणि परिबल ३.८७ यावे. ४एस मधून गेले असतील तर पाचही एकांडे टिकतात आणि ५.९२ यावे. मँगनीजच्या साध्या क्षारांचे मोजलेले परिबल सुमारे ५.९ आहे. निकाल लागला. जस्ताचा पुरावा तर आणखी सोपा. ३डी मधून दोन काढले तर दोन एकांडे राहून झिंक सल्फेट चुंबकाकडे ओढले जायला हवे. ते ओढले जात नाही, कारण दहाही इलेक्ट्रॉन जोडीने जागच्या जागी असतात. तांब्याच्या दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या आयनात मुलांच्या रीतीने तीन एकांडे येतात, खऱ्या रीतीने एक. मोजमाप १.९ च्या आसपास, म्हणजे एकाच्याच जवळ.

इथे एक सूचना. पुस्तकांचे लाडके उदाहरण म्हणजे फेरस आयन. नेमके तेच या कामाला निरुपयोगी आहे. ४एस मधून दोन काढा की ३डी मधून, एकांडे चारच राहतात, ४.९० हाच आकडा येतो आणि चुंबकाला फरक कळत नाही. वर्गात फेरसऐवजी मँगनीज किंवा फेरिक घ्यावे.

चुंबकाची ही साक्ष वर्गातही काढता येते. दुकानातून आणलेले मँगनीज सल्फेट, हिराकस, मोरचूद आणि झिंक सल्फेट प्लॅस्टिकच्या चार सारख्या लहान नळ्यांत घट्ट भरावे. त्याआधी पुडीतून साधा लोहचुंबक फिरवून लोखंडाचा कीस असल्यास काढून टाकावा. खताच्या दर्जाच्या मालात तो असू शकतो. प्रत्येक नळी थर्मोकोलच्या तुकड्यावर ठेवून पाण्याच्या परातीत तरंगत सोडावी आणि निकामी हार्ड डिस्कमधून काढलेला निओडिमियम चुंबक जवळ धरावा. वारा नको, पंखा बंद. मँगनीजची नळी चुंबकामागे हळूहळू येऊ लागते. हिराकस येते, पण वजनाच्या हिशेबाने तिची ओढ मँगनीजच्या निम्मीच. मोरचुदाची ओढ त्याहून पुष्कळच कमी, ती दिसायला धीर लागतो. झिंक सल्फेट जागचे हलत नाही. मोरचूद विषारी आहे; हात धुण्याची आठवण मुलांना द्यावी.

अशीच पण फार नाजूक मोजमापे त्या काळात भारतात अनेक ठिकाणी चालली होती. लाहोरला शांतिस्वरूप भटनागर यांनी चुंबकीय रसायनाची प्रयोगशाळा उभी केली आणि १९३५ मध्ये त्या विषयावर ग्रंथ सिद्ध केला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये माता प्रसाद आणि त्यांचे सहकारी प्रतिचुंबकीय क्षारांची मापे घेत होते. त्यांतले एस. एस. धर्माट्टी पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अणुकेंद्रकाच्या चुंबकत्वाच्या संशोधनाचे प्रमुख झाले.

चार एकांडे असलेल्या फेरस आयनाची आणखी एक हकिगत इथेच सांगून टाकतो. १९३६ मध्ये लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी रक्तच चुंबकाजवळ नेले. ऑक्सिजन नसलेले हिमोग्लोबिन ओढले गेले आणि हिशेबाने लोहाच्या प्रत्येक अणूमागे चार एकांडे इलेक्ट्रॉन निघाले. ऑक्सिजन धरलेले हिमोग्लोबिन प्रतिचुंबकीय निघाले, तिथे एकही एकांडा नाही. ऑक्सिजन बांधला जाताच इलेक्ट्रॉनांच्या जोड्या नव्याने जुळतात. म्हणजे ‘३डी मध्ये सहा’ एवढे लिहून भागत नाही, ते सहा कसे बसले आहेत हेही शेजाऱ्यांवर ठरते. याच पॉलिंग यांनी सहकाऱ्यांसह १९४९ मध्ये दाखवून दिले की सिकल सेल हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतल्याच बदलाने होतो. नाशिक-नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी भागांत शिकवणाऱ्यांना या आजाराची वेगळी ओळख करून द्यायला नको.

निकाल कळला, पण कारण? ४एस आधी भरतो आणि आधीच जातो, हे कसे? गोंधळ ‘भरणे’ या शब्दात आहे. पोटॅशियमवरून कॅल्शियमवर, कॅल्शियमवरून स्कँडियमवर जाताना आपण एकाच अणूत इलेक्ट्रॉन टाकत नसतो. दर वेळी केंद्रकात एक प्रोटॉनही वाढतो, म्हणजे जीपच बदलते. आयन करताना केंद्रक तेच राहते आणि फक्त इलेक्ट्रॉन जातात. एक क्रिया दुसरीची उलट नाहीच.

हे पाहण्यासाठी इलेक्ट्रॉनांची संख्या कायम ठेवून केंद्रक बदलत जावे. एकोणीस इलेक्ट्रॉन असलेले पाच जण घेऊ: पोटॅशियमचा अणू, एक गमावलेले कॅल्शियम, दोन गमावलेले स्कँडियम, तीन गमावलेले टायटॅनियम, चार गमावलेले व्हॅनेडियम. प्रत्येकात आर्गॉनसारखे अठरा आणि वर एकच. तो एक कुठे असतो हे वर्णपट सांगतो. पोटॅशियममध्ये तो ४एस मध्ये असतो. ३डी ची पातळी त्याच्या वर सुमारे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर. कॅल्शियममध्येही ४एस मध्येच, पण ३डी आता फक्त १.७ वर. स्कँडियमला पारडे फिरते: इलेक्ट्रॉन ३डी मध्ये आणि ४एस त्याच्या वर सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर. टायटॅनियमला हेच अंतर दहाच्या घरात जाते.

हायड्रोजनमध्ये पातळी फक्त कवचाच्या क्रमांकावर ठरते, तिसरे खाली आणि चौथे वर. केंद्रकाची ओढ जसजशी वरचढ होते तसतशी मांडणी या साध्या क्रमाकडे झुकते. पोटॅशियममध्ये केंद्रकाला आतल्या अठरा जणांनी जवळजवळ झाकून टाकलेले असते. ४एस चा इलेक्ट्रॉन अधूनमधून त्यांच्या आत शिरून ओढीचा फायदा घेतो, ३डी च्या इलेक्ट्रॉनाला तो मिळत नाही. स्कँडियमपासून पुढे ३डी आत ओढला जातो आणि खाली उतरतो. मग स्कँडियमच्या पूर्ण अणूत तिन्ही इलेक्ट्रॉन ३डी मध्ये का जात नाहीत? कारण ती जागा आता फार अडचणीची झालेली असते आणि एकमेकांचे ढकलणे परवडत नाही. दोघे बाहेरच्या ऐसपैस ४एस मध्ये राहतात. बाहेरचे म्हणून तेच आधी जातात. ‘४एस नेहमीच ३डी च्या वर असतो’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख पिलार यांनी १९७८ मध्येच रसायन-शिक्षणाच्या एका अमेरिकी नियतकालिकात लिहिला होता. पाठ्यपुस्तके अजून तिरपे बाणच काढतात. त्या बाणांमागचा नियम एर्विन माडेलुंग यांनी १९३६ मध्ये छापला, बोस यांच्या लेखानंतर नऊ वर्षांनी. अणूंची मांडणी लक्षात ठेवायची ती एक सोय आहे. क्रोमियम आणि तांब्याच्या अणूंनाही ती लागू पडत नाही.

एकोणीस इलेक्ट्रॉनांच्या त्या रांगेतला शेवटचा, चार गमावलेला व्हॅनेडियम, आपल्या महाराष्ट्रात नुसत्या डोळ्यांनी पाहता येतो. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत बेसाल्टच्या पोकळ्यांतून कॅव्हन्साइट नावाच्या खनिजाचे गर्द निळे गुच्छ निघतात. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे जोडून ते नाव बनले. त्याचे पहिले वर्णन १९७३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातील नमुन्यांवरून झाले. वाघोलीचे नमुने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जगभरच्या संग्रहांत पोचले. त्याचा निळा रंग ३डी मधल्या त्या एकट्या इलेक्ट्रॉनाचा. इथे चुंबक मात्र निरुत्तर होतो, कारण एकटा इलेक्ट्रॉन ४एस मध्ये असो की ३डी मध्ये, परिबल १.७३ च. साक्ष रंगाची घ्यावी लागते.

पेठच्या घाटातला काळा दगड म्हणजे वाघोलीचाच दख्खनचा बेसाल्ट. नाशिक जिल्ह्यातल्या बेसाल्टच्या पोकळ्यांतून निघालेले ॲपोफिलाइटचे स्फटिक सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मुलांना दाखवता येतात. ॲपोफिलाइट बहुधा पाण्यासारखे स्वच्छ असते; कधी ते हिरवे मिळते. जॉर्ज रॉसमन यांनी १९७४ मध्ये पुण्याकडच्या हिरव्या नमुन्याचा वर्णपट तपासला आणि हिरवेपणा अल्प प्रमाणातल्या व्हॅनेडियमचा असल्याचे दाखवले. या खनिजात पोटॅशियम आणि कॅल्शियम आयनांच्या रूपात मुळातच असतात. दोघांकडेही अठरा इलेक्ट्रॉन, आर्गॉनसारखे, म्हणून बिनरंगी. त्यांच्यात मिसळलेल्या व्हॅनेडियमच्या आयनाकडे एकोणीस असतात, आणि स्फटिक हिरवा दिसतो तो त्या एकोणिसाव्यामुळे.